जवानांना सलाम पुरे, भिंतीवर एक पेटी बसवा

नांदेडहून लातूरला जाताना, अहमदपूरच्या थोडं अलीकडं, रस्त्याला लागून आमच्या गावचं गायरान आहे. पोरांनी वर्गणी काढून, जेसीबी लावून ते सपाट केलं, चुन्यानं गोल आखला आणि त्याला ‘ग्राउंड’ म्हणायला लागले. पहाटे पाचला तिथं पंचवीस-तीस पोरं पळतात. कुणाला पोलीस भरती, कुणाला एसआरपीएफ, बहुतेकांना अग्निवीर. शिट्टी माझ्या मामाच्या गळ्यात असायची. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून 17 वर्षांनी हवालदार म्हणून निवृत्त झाला होता, पण गावानं त्याला केव्हाच ‘मेजर’ करून टाकलं होतं. शिकवायचे पैसे तो घेत नसे. दसऱ्याला पोरांनी टॉवेल-नारळ दिला तर तेवढा घ्यायचा.

गेल्या वर्षी जानेवारीतली एक पहाट. सोळाशे मीटरचा शेवटचा राउंड चालू होता. मामानं शिट्टी तोंडाला लावली, ती वाजलीच नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला.

मी तिथं नव्हते, मी नांदेडला नोकरी करते. पण त्या पोरांकडून मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता मला ते दिसतं. एकानं तोंडावर पाणी मारलं. एकानं फिट आली असेल म्हणून चप्पल हुंगवली. एकानं 108 लावला. बारावीतल्या एका पोरानं रीलमध्ये पाहिलं होतं तसं छातीवर दाबायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, ‘आरं, बरगडी मोडशील. काय झालं तर तुझ्यावर येईल!’ त्यानं हात काढून घेतले. मग भाजी घेऊन निघालेला एक पिकअप थांबवला, क्रेट खाली उतरवले आणि मामाला वर घेतलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं गेली होती. ईसीजीवर सरळ रेघ होती.

दुसऱ्या दिवशी गावच्या कमानीला फ्लेक्स लागला. ‘वीर जवान अमर रहे’. त्यावर मामाचा युनिफॉर्ममधला फोटो होता आणि वरच्या ओळीत नेत्यांचे चार फोटो, चारही मामापेक्षा मोठे. तेराव्याला एक पुढारी मामीला म्हणाले, ‘मेजरला भाग्याचं मरण आलं. ग्राउंडवर गेला.’

मला त्या वाक्याशी भांडायचंय. म्हणून हा लेख.

दहा मिनिटांचा हिशेब

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, कारण आपण सगळ्यालाच ‘अटॅक’ म्हणतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणं. माणूस शुद्धीवर असू शकतो, छातीत दुखतं, घाम फुटतो, हाताशी थोडा वेळ असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंगच थांबणं. माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा आचके देतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, इतर कारणांनीही होतो. अनेकदा अशा वेळी हृदय पूर्ण थांबलेलं नसतं. ते नुसतं थरथरत असतं, तालच हरवलेला असतो. त्याला विजेचा एक नेमका झटका मिळाला तर ताल परत येऊ शकतो. तो मिळाला नाही तर थोड्या वेळानं थरथरही थांबते आणि मग झटका देऊनही उपयोग नसतो.

हा झटका देणाऱ्या छोट्या यंत्राला एईडी म्हणतात. आकार शाळेच्या डब्याच्या पिशवीएवढा. झाकण उघडलं की ते बोलायला लागतं: पॅड इथं चिकटवा, आता कुणी हात लावू नका, आता बटण दाबा. हृदयाचा ताल यंत्र स्वतः तपासतं. झटक्याची गरज नसेल तर तुम्ही कितीही बटण दाबा, ते झटका देत नाही. म्हणजे भरतीची तयारी करणारं बारावीचं पोरगंही ते वापरू शकतं.

आता हिशेब. रक्तपुरवठा थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छातीवर दाबणंही नाही आणि झटकाही नाही, अशा अवस्थेत जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी कमी करतं. दहा मिनिटांत जवळजवळ सगळं संपतं. आपली 108 सेवा 26 जानेवारी 2014 ला 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. तिचं उद्दिष्ट होतं शहरात 20 मिनिटांत आणि ग्रामीण भागात 30 मिनिटांत पोचण्याचं. 108 वर माझा राग नाही. या सेवेनं हजारो बाळंतपणं आणि अपघात सांभाळलेत. मुद्दा वेगळाच आहे. ही सेवा शंभर टक्के यशस्वी झाली, प्रत्येक गाडी वेळेत पोचली, तरी गावात कार्डिअ‍ॅक अरेस्ट आलेला माणूस तिच्या वेळापत्रकात बसत नाही. दहा मिनिटांच्या आजाराला आपण तीस मिनिटांचं उत्तर दिलंय.

म्हणून यंत्र गाडीत नव्हे, माणसं असतात तिथं लागतं. शिकागोच्या ओ’हेअरसह तिथल्या विमानतळांवर एईडी अशा बसवल्या की भराभर चालत मिनिट-दीड मिनिटात कुणालाही गाठता याव्यात. 2002 साली त्याचा दोन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. 21 जणांना अरेस्ट आला, त्यांतल्या 18 जणांच्या हृदयाची थरथर झटका देण्यासारखी होती आणि त्यांतले 11 जण वाचले. वाचवणाऱ्यांत असेही होते ज्यांनी आयुष्यात कधी ते यंत्र हाताळलं नव्हतं. त्याआधी, 2000 साली, अमेरिकेतल्या कसिनोंचा अभ्यास आला. तिथं सुरक्षारक्षकांना हे शिकवलं होतं. पडल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी 74 टक्के लोक घरी गेले. जुगाराच्या अड्ड्यावरचा वॉचमन हे करू शकतो, तर ग्राउंडवरचा फौजी आणि त्याची पोरं का नाही?

तुमच्यातल्या फुटबॉलवाल्यांना 12 जून 2021 आठवत असेल. युरो कपच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानात कोसळला. सहकारी खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, छातीवर दाबलं गेलं, झटका दिला गेला. तो माणूस पुढं परत फुटबॉल खेळला. आपण तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला, चमत्कार म्हटलं. त्यात चमत्कार काही नव्हता. मैदानाच्या कडेला यंत्र होतं आणि ते वापरायची तालीम झालेली माणसं होती.

मामा एईडीनं नक्की वाचला असता असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण त्याला ती संधी द्यायची की नाही, हे ठरवणं माणसांच्या हातात होतं. त्यामुळे ‘भाग्याचं मरण’ हा शब्द मी मान्य करत नाही.

कार्ड खिशात, दवाखाना दूर

ही गोष्ट त्या पहाटे सुरू झाली नाही. ती आठ महिने आधी, गच्चीवर ज्वारीचं पोतं चढवताना मामाच्या छातीत दुखलं तेव्हा सुरू झाली. मामाकडं ईसीएचएसचं कार्ड होतं. माजी सैनिकांसाठीची ही अंशदायी आरोग्य योजना केंद्र सरकारनं 1 एप्रिल 2003 ला सुरू केली. सैनिक निवृत्त होताना स्वतःचे पैसे भरून सभासद होतो, म्हणजे ही खैरात नाही. देशभरात चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक आहेत. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात विनापैसे उपचार होतात. कागदावर योजना चांगली आहे, आणि हजारो कुटुंबांना तिचा आधारही आहे.

मामानं चिठ्ठी मिळवली. त्यात त्याचा एक आख्खा दिवस गेला. मग मोठ्या शहरातल्या पॅनेलवरच्या एका रुग्णालयात गेला. काउंटरवर सांगितलं, ‘ईसीएचएसचे पेशंट सध्या घेत नाही, बिलं थकलीत. कॅश असेल तर उद्या अँजिओग्राफी करू.’ मामा परत आला. पेरणी तोंडावर होती. पेरणी झाल्यावर बघू म्हणाला. मग खुरपणी, मग काढणी, मग पोरांची भरती. यात त्याचीही चूक आहे, मी ती लपवत नाही. पण एकदा काउंटरवरून परत पाठवलेला माणूस दुसऱ्यांदा त्या काउंटरवर सहज जात नाही. दुखणं परवडलं पण नकार नको, असं त्याला वाटतं. फौजीला तर जास्तच वाटतं.

हे फक्त आमच्याच घरी झालं असतं तर मी लिहिलं नसतं. 2015 साली कॅगनं ईसीएचएसवर स्वतंत्र अहवाल दिला. औषधांचा तुटवडा, कर्मचाऱ्यांची कमतरता, बिलं चुकती व्हायला लागणारा उशीर, हे त्यात आहे. या योजनेत रुग्णालयांना मिळणारे दर सीजीएचएसच्या दरांना बांधलेले आहेत, आणि त्या दरांत 2014 नंतर मोठी सुधारणा व्हायला 2025 उजाडलं. दहा-अकरा वर्षं जुना दर आणि तोही उशिरानं. अशा वेळी खासगी रुग्णालय काय करणार? पाटी लावून नाही म्हणत नाही, काउंटरवर म्हणतं.

आणीबाणीसाठी नियम आहेत. पॅनेलवरच्या रुग्णालयात चिठ्ठीशिवाय जाता येतं. पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात जावं लागलं तर 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, आधी खिशातून भरायचं आणि नंतर परतावा मागायचा. हे वाक्य पुण्यात बसून वाचा, ठीक वाटतं. पुण्यात आर्मीची हृदयशस्त्रक्रियेची संस्थाच आहे. आता अहमदपूरला बसून वाचा. इकडं नांदेड साधारण सत्तर किलोमीटर, तिकडं लातूरही तेवढंच. पुणे, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर सगळं त्याच्या पलीकडं. मध्यरात्री छातीत दुखणारा पासष्ट वर्षांचा माणूस, जवळ पेन्शनचं पासबुक आणि कार्ड. आधी भर, मग माग. किती भरणार?

आणि ज्या पोरांना मामा पळवत होता त्यांच्याकडं तर हे कार्डही नसणार आहे. अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतील. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम मिळेल, पण पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला दाखल झाली, म्हणजे त्यांची चार वर्षं 2026 संपताना आणि 2027 लागताना भरतात. एकवीस-बावीस वर्षांची पोरं गावात परत येतील. गाव त्यांनाही ‘मेजर’ म्हणेल. पण आजारपणाच्या बाबतीत ती साधी माणसं असतील, माझ्या-तुमच्यासारखी, शासकीय रुग्णालयाच्या रांगेतली.

विधानसभेत कुणी विचारलं?

इथं कुणीतरी म्हणेल, ईसीएचएस केंद्राचं आहे, आमदारांचा काय संबंध? हे उत्तर मी तीन वेळा ऐकलंय आणि ते अर्धंच खरं आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत. ईसीएचएसचा दर आमदार ठरवू शकत नाही, पण रुग्णालयाच्या दारात आलेल्या माणसाला पहिल्या तासात काय मिळालंच पाहिजे, हे राज्य ठरवू शकतं. राजस्थाननं मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. पैसे न भरता आणीबाणीतले उपचार मिळणं हा त्यातला हक्क आहे. डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं, परतावा कोण देणार हा त्यांचा प्रश्न रास्तही होता. पण प्रश्न सभागृहात आला, भांडण झालं, कायदा झाला.

शेजारी बघा. देगलूर-उदगीरच्या पलीकडं बिदर जिल्हा, म्हणजे कर्नाटक. अभिनेता पुनीत राजकुमार 29 ऑक्टोबर 2021 ला 46 व्या वर्षी हृदयविकारानं गेला. कर्नाटक सरकारनं 2023-24 च्या अर्थसंकल्पात त्याच्या नावानं योजना आणली आणि जिल्हा व तालुका रुग्णालयांत एईडी ठेवण्यासाठी 6 कोटी रुपये धरले. नांदेडच्या दुसऱ्या बाजूला तेलंगणा. तिथं मार्च 2023 मध्ये सरकारनं पोलीस, आरोग्य कर्मचारी आणि इतरांना सीपीआर शिकवण्याची मोहीम काढली. दोन्ही ठिकाणी सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही. पण तिथं एका माणसाच्या मरणाचं धोरण झालं. आपल्याकडं त्याचा फ्लेक्स होतो.

कायद्यातलं भोकही बघा. ‘तुझ्यावर येईल’ म्हणून ज्या पोरानं हात काढले, ते पोरगं भित्रं नव्हतं. त्याला जे माहीत होतं ते जवळपास बरोबर होतं. सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 ला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं कायम केली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. पण ते रस्ते अपघातासाठी आहे. ट्रकनं उडवलेल्या माणसाला उचललं तर तुमच्या पाठीशी नावानिशी कायदा आहे. ग्राउंडवर कोसळलेल्या माणसाच्या छातीवर दाबलं तर? भारतीय न्याय संहितेत सद्हेतूनं केलेल्या कृतीला सर्वसाधारण संरक्षण आहे, पण ते वकिलाला माहीत, पहाटे पाचच्या पोराला नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांत एईडीबद्दल काही ना काही कायदा आहे. जपाननं 2004 मध्येच सामान्य नागरिकाला हे यंत्र वापरायची मोकळीक दिली. आपल्याला एका पानाचं विधेयक पुरेल: मरणाच्या दारातल्या माणसाला सद्हेतूनं सीपीआर किंवा एईडी देणाऱ्यावर कारवाई होणार नाही. अशासकीय विधेयक कुठलाही आमदार मांडू शकतो. नांदेडचे नऊ आणि लातूरचे सहा, असे पंधरा आमदार आहेत. एकानं मांडलं तरी चालेल.

‘आधी डॉक्टर द्या, मग मशीन’

हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण तो घेणारे खोटे नसतात. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 च्या चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा 31 वर गेला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदी, रिक्त पदं, खाटांपेक्षा जास्त रुग्ण, सगळं चर्चेला आलं. आणि आपल्या एका लोकप्रतिनिधीनं काय केलं? कॅमेऱ्यासमोर अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि स्वच्छतागृह साफ करून घेतलं. व्हिडिओ फिरला. औषध त्या झाडूनं आलं नाही.

ज्या जिल्ह्यात बाळांना औषध मिळत नाही तिथं भिंतीवर लाखाचं यंत्र टांगायचं, ही चैन नाही का? माझं उत्तर असं. ‘आधी ते, मग हे’ या रांगेत आपण पन्नास वर्षं उभे आहोत आणि रांग हललेली नाही. डॉक्टरची पदं भरायला हवीत, आजच. पण कोसळलेल्या माणसाची पहिली दहा मिनिटं डॉक्टरची नसतातच. ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाची असतात. मुंबईतही तसंच, लंडनमध्येही तसंच. उलट जिथं डॉक्टर लांब आहे तिथं त्या पहिल्या माणसाच्या हातात काहीतरी असणं जास्त गरजेचं आहे. आणि हेही मान्य करते की झटक्यानंतर रुग्णालय लागतंच. म्हणून पेटी आणि कार्ड या दोन मागण्या मी एकत्र करते. पेटी त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत जिवंत आणेल. दार उघडायला कार्ड चाललं पाहिजे.

दुसरा आक्षेप, ‘मशीन चोरीला जाईल, बंद पडेल, बॅटरी कोण बघणार?’ खरं आहे. पॅडची मुदत काही वर्षांत संपते, बॅटरीही बदलावी लागते. उद्घाटनाला फीत कापून नंतर धूळ खाणारी यंत्रं आपल्या ग्रामीण रुग्णालयांत कमी नाहीत. पण याचंही उत्तर आपल्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. लातूरच्या ट्यूशन एरियात जा. जिथं हजारो मुलं एका गल्लीत शिकतात तिथं भिंतीवर लाल सिलिंडर दिसतो. त्याच सिलिंडरशेजारी एक पेटी आणि त्याच तारखांना तिची तपासणी. नवी यंत्रणा शोधायचीच नाही. आणि कायदा कागदावर राहिला तर काय होतं तेही आपण 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पाहिलं. आगीत 10 नवजात बाळं गेली. म्हणून पेटीवर जबाबदार माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला हवा. पदनाम नको, नाव.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यात हास्यास्पद आहे. एक एईडी लाखाच्या आसपास येते. पेटी, सुटे भाग, प्रशिक्षण धरून दीड लाख म्हणा. नांदेडचे 16 तालुके, लातूरचे 10. प्रत्येक तालुक्यात दहा यंत्रं: बसस्थानक, तहसील, बाजार समिती, पोलीस ठाणं, भरतीची मैदानं, मोठ्या शाळा, नांदेडला सचखंड गुरुद्वारा परिसर. एकूण 260 यंत्रं, 3 कोटी 90 लाख रुपये. एका आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी. पंधरा आमदारांचे 75 कोटी. म्हणजे एका वर्षाच्या निधीतला पाच टक्क्यांच्या आसपासचा तुकडा. नियम आड येतो म्हणाल, तर करोनात 2021 मध्ये याच निधीतून 1 कोटीपर्यंत खर्च करायची मुभा दिली होती. नियम वाकतो, वाकवणारा हवा. गावोगावच्या कमानी आणि हायमास्टमधून एवढं वाचू शकतं.

मागणी काय आहे

भावना खूप झाल्या, मागण्या लिहिते. स्क्रीनशॉट काढा आणि आपापल्या आमदाराला पाठवा.

एक. सीपीआर आणि एईडी देणाऱ्याला नावानिशी संरक्षण देणारा राज्याचा कायदा.

दोन. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं जमणाऱ्या जागी एईडी सक्तीची आणि अग्निसुरक्षेसोबतच सहामाही तपासणी. भरतीच्या शारीरिक चाचणीत तर यंत्र नसेल तिथं शिट्टीच वाजू नये. 2024 मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर पळताना आणि पळाल्यावर दहाहून जास्त तरुण गेले. त्याच वर्षी आपल्या राज्यातही भरतीच्या धावण्यात उमेदवार दगावला. ही तुमच्या वयाची मुलं होती.

तीन. दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक एसटी चालक-वाहकाला सीपीआरचं प्रात्यक्षिक. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. शिकायला एक दुपार पुरते.

चार. माजी सैनिकाच्या, आणि चार वर्षांनी परतलेल्या अग्निवीराच्याही, हृदयाच्या आणीबाणीत पहिल्या 24 तासांची हमी राज्यानं घ्यावी. रुग्णालयानं काउंटरवर पैसे मागू नयेत. बिल राज्य देईल आणि ईसीएचएसकडून राज्य वसूल करेल. दिल्लीशी पत्रव्यवहार सरकारनं करायचा, मामीनं नाही. यंत्रणा हाताशी आहे. आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना 2012 मध्ये जीवनदायी म्हणून पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. जिथं एक योजना रुजवून दाखवली तिथंच दुसरीची सुरुवात करा.

पाच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं दर महिन्याला जाहीर करावं: किती माजी सैनिकांना पॅनेलवरच्या रुग्णालयांनी परत पाठवलं. नुसतं मोजलं तरी काउंटरवरची भाषा बदलेल.

यातलं काहीही अशक्य नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून तीनशेहून जास्त किलोमीटरवरून रेल्वेनं पाणी आणलं. ज्या सरकारला आख्खी पाण्याची गाडी आणता येते, त्याला डब्याएवढी पेटी आणता येत नाही असं मी मानणार नाही. आणि त्याही मागं जा. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. ढिगारे उपसायला जवान आले होते. त्यांनी कुणाला कार्ड विचारलं नाही, चिठ्ठी मागितली नाही. त्यांतले बरेच आज साठीच्या आसपास किंवा पुढं असतील, कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी काउंटरवर उभे.

ग्राउंड अजून चालू आहे. शिट्टी आता त्या बारावीच्या पोराकडं आहे, ज्यानं हात काढून घेतले होते. तो मला परवा म्हणाला, ‘ताई, म्या अजून चार मिनिटं दाबायला पायजे होतं ना?’ मी त्याला सांगितलं की तुझी चूक नव्हती. पण हे सांगायचं काम माझं नाही. ते विधानसभेचं आहे, आणि कायदा करून सांगायचं आहे. तोवर पुढच्या ध्वजदिनाला माझ्या शर्टाला झेंडा टोचायला कुणी आलं, तर निधी मी देईन, पण आधी विचारेन: पेटी कुठंय?